सॉर्टचं बटण

मी कराड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. सीईटीचा निकाल लागला की मला येणाऱ्या फोनांचा गणिताशी फारसा संबंध उरत नाही. पाटण, कडेगाव, शिराळा, कुठूनही फोन येतो आणि प्रश्न एकच असतो: "मॅडम, एवढा पर्सेंटाइल आलाय, कुठं बसेल?" या प्रश्नाला उत्तर द्यायला मी एक एक्सेलची फाइल केली होती. सांगायला हरकत नाही, वर्गाच्या निकालापेक्षा मला त्या फाइलचा अभिमान जास्त होता.

फाइल होतीच तशी. कॉलेज, शाखा, गेल्या तीन-चार वर्षांचे कटऑफ, फी, वसतिगृह आहे की नाही, घरापासूनचं अंतर, कॉलेज स्वायत्त की विद्यापीठाशी संलग्न, सगळे रकाने भरलेले. मुलाचा पर्सेंटाइल एका चौकोनात टाकला की मिळणारी कॉलेजं हिरवी, काठावरची पिवळी आणि आवाक्याबाहेरची लाल व्हायची. मग कटऑफच्या रकान्यावर टिचकी मारून सॉर्टचं बटण दाबायचं. वरून खाली सुरेख उतरती यादी तयार. प्रिंट काढून पालकांच्या हातात दिली की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरायचा. "आता कसं, लाइनीत आलं सगळं," असं एकदा एक गृहस्थ म्हणाले होते.

हे काम सोपं नव्हतं, हेही सांगते. सीईटी कक्षाची कटऑफची पीडीएफ पहिल्यांदा उघडणारा माणूस दोन मिनिटांत बंद करतो. शेकडो पानं आणि प्रत्येक शाखेखाली अक्षरांचे पुंजके. जी ओपन एच, एल ओबीसी ओ, जी ओपन एस. पहिलं अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. मधे प्रवर्ग. शेवटी एच असेल तर आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी, ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या मुलाला शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात एच बघायचा आणि पुण्याच्या कॉलेजात ओ बघायचा, एवढी साधी गोष्ट न कळल्यामुळे लोक भलत्याच आकड्याकडे बघून खूश किंवा नाराज होत बसतात. शिवाय शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा वेगळ्याच. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. त्यांचा चॉइस कोड निराळा असतो, शेवटी टी असलेला. तो अर्जात वेगळा भरला नाही, तर मुलगा कितीही हुशार असला तरी त्या जागेसाठी त्याचा विचारच होत नाही.

आमच्या भागात एके काळी हा घोळ नव्हता, कारण निवडायला काही नव्हतं. सांगलीचं वालचंद १९४७चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६०चं, आणि फारच मजल गेली तर पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि यादी लांबत गेली. आता एका मुलाला पसंतीच्या अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. एवढ्या पसाऱ्यात माझ्यासारख्या नीटनेटक्या बाईला आपण उपयोगी आहोत असं वाटलं नसतं तरच नवल.

माझा ठाम समज होता की कॉलेजची निवड हा माहितीचा प्रश्न आहे. माहिती गोळा करा, लावा, क्रम आपोआप दिसेल. आज मला तसं वाटत नाही. शिस्त मला तेव्हाही प्रिय होती आणि आजही आहे. ती कुठे लावायची, याबद्दलचं माझं मत मात्र पार उलटं झालंय.

एका दिवसात काही घडलं नाही. एक जुना विद्यार्थी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आला. पुण्यात कंप्युटर इंजिनिअरिंग केलेलं, हिंजवडीत नोकरी, सगळं व्यवस्थित. गप्पांच्या ओघात म्हणाला, "मला खरं तर सिव्हिल करायचं होतं मॅडम, इथंच. मामांचा कंत्राटाचा धंदा आहे ना." मी विचारलं, मग अर्जात वर का नाही टाकलंस? तो सहज म्हणाला, "तुमच्या यादीत ते कंप्युटरच्या खाली होतं. म्हणून खालीच टाकलं."

त्याचं काही बिघडलेलं नाही. सिव्हिलला जाऊन तो आज कमी पगारावर कुठेतरी साइटवर उन्हात उभा असता, असंही म्हणता येईल, आणि त्याच्या आईने तसं म्हटलंही. म्हणूनच ही गोष्ट मी बरेच दिवस मनावर घेतली नाही. नंतर मात्र वाटायला लागलं की त्या जुलैत त्याला काय हवंय हे कुणीच विचारलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी नाही, मी नाही, त्याने स्वतःनेही नाही. यादी इतकी नीट होती की विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

मग मी कटऑफ या आकड्याकडेच जरा नव्याने बघितलं. त्या जागेवर शेवटी प्रवेश घेतलेल्या मुलाचा पर्सेंटाइल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे प्रयोगशाळा कशी आहे, कोण शिकवतं, तिसऱ्या वर्षाला मुलं काय करतात, यातलं काही त्यात नसतं. गेल्या वर्षी तुमच्याएवढ्याच गोंधळलेल्या मुलांनी कुठे गर्दी केली, ते त्यात असतं. म्हणजे मी कटऑफवर यादी लावून देत होते, तेव्हा गेल्या वर्षीच्या गर्दीची आवड या वर्षीच्या मुलाच्या नावावर लिहून देत होते. आणि गर्दी तरी एका जागी कुठे थांबते? करोनानंतर कंप्युटरचा आणि त्याच्या कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे भावंडांचा ओढा वाढला. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरची शाखेतल्या जागांची मर्यादाच काढून टाकली, तेव्हा अनेक ठिकाणी कंप्युटरच्या तुकड्या वाढल्या. जागा बदलल्या की जुना कटऑफ कशाच्या आधारावर बोलणार? माझी फाइल मात्र तोच आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवत होती.

गणिताच्या दृष्टीने तर या सॉर्टची गरजच नव्हती. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागावाटप होतं ते असं: गुणवत्ता यादीत तुमच्या आधी असलेल्यांना जागा दिल्यावर संगणक तुमच्या अर्जाकडे येतो. पहिला पर्याय बघतो. तिथे तुम्हाला लागू पडणारी जागा उरली असेल तर देतो, नसेल तर दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. एखादं कॉलेज तुम्ही पहिलं टाकलंत की विसावं, यामुळे त्या कॉलेजवरचा तुमचा हक्क वाढत नाही की घटत नाही. तुमच्या मागे असलेल्या मुलाने तेच कॉलेज पहिलं टाकलं म्हणून त्याला ते तुमच्या आधी मिळत नाही. मिळण्याची शक्यता किती, हा हिशोब संगणक करतोच. तो तुम्ही करायचा नसतो. तुम्ही फक्त खरं सांगायचं असतं की दोन्ही मिळत असतील तर तुम्ही कुठलं घ्याल. तरीही गावोगावचे जाणकार सांगत असतात, "पक्कं मिळणारं वर टाका, नाहीतर पहिला नंबर फुकट जातो." फुकट काही जात नाही. उलट पक्कं मिळणारं वर टाकलं की तेच मिळतं आणि गाडी तिथेच थांबते.

२०२५-२६च्या प्रवेशात तर हे फारच टोकदार झालं. फेऱ्या तीनच्या चार केल्या आणि नियम घातला की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यायचाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर तेही पक्कं. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरची सहा नावं काळजावर हात ठेवून लिहायची आहेत, आणि ती सहा नावं सॉर्टचं बटण लिहून देऊ शकत नाही.

एवढं यादीबद्दल. आता कागदपत्रांबद्दल, कारण माझं मत जास्त बदललं ते तिथे.

कागदपत्रांना मी पूर्वी हात लावत नसे. ते सेतूचं काम, तहसीलचं काम, घरच्यांनी बघावं. मुलं आता अठराची होत आलीत, स्वतःचे दाखले स्वतः काढायला शिकू देत, असं मी स्टाफरूममध्ये ऐकवायचे. मला ती जबाबदारीची शिकवण वाटायची. पण जागा हातच्या जातात त्या यादीतल्या चुकीने क्वचित. बहुतेकदा एखाद्या कागदाच्या तारखेने जातात. नॉन-क्रिमीलेअर दाखला आहे, पण त्याची मुदत यंदाच्या मार्चमध्येच संपली. प्रवेशाला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. ईडब्ल्यूएसचा दाखला आहे, पण गेल्या वर्षीचा. आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. मुदतीत कागद आला नाही की मुलगा राखीव प्रवर्गातून खुल्यात जातो आणि त्याची गणितं पहिल्यापासून बदलतात.

सगळ्यांत लांबचं काम जात वैधतेचं. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. वैधता देते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती, आणि ती मागते जुना पुरावा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे मुलाचा नाही, बापाचाही नाही, बहुतेक वेळा आजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधला उतारा मिळवायचा. गेले नसतील तर चुलत आजोबा शोधायचे, गावनमुन्यातल्या जुन्या नोंदी शोधायच्या, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं. शाळेचं रजिस्टर जीर्ण, पानाची कड कुरतडलेली, नोंद मोडीत किंवा आडनावाच्या जागी नुसतंच वडिलांचं नाव. आठवड्यात होणारं हे काम नाही. निकालानंतर सुरू केलं तर फारच अवघड. काही वर्षी शासन पावतीवर प्रवेश देऊन मुदत वाढवून देतं, पण त्या आशेवर कुणी बसू नये.

एका विद्यार्थ्याचे वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर हंगामभर बाहेर. आई घरी, तिला सही करता येते, अर्ज वाचता येत नाही. या मुलाला मी जबाबदारी शिकवायला निघाले होते. त्याच वर्गात दुसऱ्या मुलीचे वडील तहसील कचेरीत लिपिक. तिची फाइल अकरावीच्या दिवाळीतच तयार: प्लास्टिकच्या खिशांत, क्रमाने, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि पेन ड्राइव्हवर स्कॅन. मी वर्गात सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. ती नीटनेटकी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण फाइल तिच्या वडिलांची होती, आणि तसे वडील त्या वर्गात तिला एकटीलाच होते. ही गोष्ट मला नंतर कधीतरी लक्षात आली आणि मग त्या कौतुकाची थोडी लाजच वाटली.

तेव्हापासून आमच्याकडे कागदांचं काम अकरावीच्या दुसऱ्या सत्रात सुरू होतं. एक साधं वहीतलं रजिस्टर आहे: मुलाचं नाव, प्रवर्ग, कुठला दाखला आहे, कुठला नाही, कुणाची मुदत कधी संपते. बारावी विज्ञानच्या मुलांचे वैधतेचे अर्ज कॉलेजच्या शिफारशीने जातातच, त्यामुळे हा काही फार वेगळा उद्योग नव्हता. फक्त वर्षभर आधी आणि सगळ्यांचा एकदम करायचा, एवढाच फरक. मुलींच्या बाबतीत आणखी एक रकाना वाढला. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला चालू असावा लागतो आणि बँकेचं खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. खातं जोडायला बँकेत दोन खेटे पडतात. ते जूनमध्ये घातले काय आणि जानेवारीत घातले काय; जानेवारीत रांग नसते, एवढंच.

म्हणजे आता माझी सगळी कडकपणाची हौस या वहीवर भागते. इथे मी कुणाची गय करत नाही. तारीख म्हणजे तारीख. यादीच्या बाबतीत मात्र मी हात सैल सोडलाय, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये मला बरंच ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांचा आक्षेप असा, की मुलांना काय कळतं? सतराव्या वर्षी 'मला आवडतं' याला अर्थ काय? ती जी पाहतात तेच मागतात. मोठा भाऊ कंप्युटरला म्हणून कंप्युटर, मैत्रीण पुण्याला म्हणून पुणं. सरांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. मी मुलांना कटऑफ न दाखवता आधी कागदावर सहा नावं आणि प्रत्येकापुढे एक कारण लिहायला सांगते. पुष्कळांची यादी माझ्या जुन्या एक्सेलसारखीच निघते, वर कंप्युटर आणि खाली बाकी सगळं. कारणाच्या रकान्यात 'स्कोप' एवढंच लिहिलेलं. मग हा खटाटोप कशाला, असं सर विचारतात, तेव्हा मला पटेल असं उत्तर माझ्याकडे दरवेळी नसतं.

पण काही वेळा असतं. एका मुलीने कारण लिहिलं होतं: 'शनिवारी एसटीने घरी येता येतं.' माझ्या फाइलमध्ये अंतराचा रकाना होता, पण तो कटऑफनंतर, सहावा की सातवा. त्यावर सॉर्ट करावं असं मला कधी सुचलं नव्हतं. तिच्या आईला फिट येतात आणि धाकटा भाऊ पाचवीत आहे. तिच्या लेखी तो पहिला रकाना होता. एका मुलाने इलेक्ट्रिकलपुढे लिहिलं, 'मेकॅनिकल नको म्हणून.' हेही कारणच आहे, आणि त्यावर तासभर बोलता आलं. तिसऱ्याने सहाऐवजी चारच नावं लिहिली आणि म्हणाला, याच्या पुढचं काही मिळालं तर मी बीएस्सी करीन, गणितात. हे मी ऐकून घेतलं आणि गणिताची बाई असूनही त्याला उत्तेजन दिलं नाही. आधी घरी सांगून ये म्हटलं. त्याने घरी सांगितलं. मग त्याच्या वडिलांचा मला जो फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

वडिलांची अडचण मला कळते. चार वर्षांची फी, खोलीभाडं, मेस, यांचा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो. मुलाच्या कारणाच्या रकान्यात तो कुठेच नसतो. फी हे खरं कारण आहे आणि ते यादीत यायलाच हवं. खासगी कॉलेजाची फी आणि शासकीय कॉलेजाची फी यांतला फरक एखाद्या घराच्या एकरभर उसाएवढा असू शकतो. म्हणून हल्ली मी पालकांसमोर आधी आकडा विचारते: वर्षाला किती झेपेल? पूर्वी हा प्रश्न विचारायला मला संकोच वाटायचा. आता वाटत नाही, आणि मुलांना तर नाहीच. उलट तो आकडा समोर आला की मूल स्वतःच दोन नावं खोडतं, कुणी न सांगता.

एक्सेलची फाइल मी पुसलेली नाही. अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी ती उघडतेच. एखादा चॉइस कोड चुकला नाही ना, टीएफडब्ल्यूएसची जागा राहिली नाही ना, अर्ज नुसता भरलाय की कन्फर्मही केलाय, हे सगळं तिच्यावरूनच तपासते. कटऑफचा रकाना तेवढा लपवून ठेवते. पालकांना फाइल उघडली की तो लपवलाय हे लगेच कळतं, आणि ते म्हणतात, "मॅडम, तो दाखवा की." दाखवते. पण आधी कोरा कागद पुढे सरकवते. बहुतेक वडील लगेच खिशातलं पेन काढून लिहायला बसतात, आणि मग मला सांगावं लागतं की दादा, पेन पोराकडे द्या.